बसला म्हणजे जुळला नव्हे

मैत्रिणींनो, आपण बायका खरेदीला निघालो की दुकानदाराला घाम फुटतो. साडी घेताना पदर उलटा करून बघतो, तांदूळ तळहातावर घेऊन चोळतो, माठ घेताना बोटाने टिचकी मारून कान देतो. दहा रुपयांची मेथीची जुडीसुद्धा उलटसुलट केल्याशिवाय पिशवीत पडत नाही. पण गॅसचा पाइप घेताना आपण काय बघतो?

बचत गटाच्या बैठकांमध्ये हा प्रश्न मी नेहमी विचारते. मूल असो, सिंदेवाही असो, आरमोरी असो की धानोरा, उत्तर ठरलेलं असतं. "दुकानदार देते तो घेतो जी ताई." मग मी पुढचं विचारते, "बरोबर आहे हे कसं कळतं?" त्यावर हमखास हसू येतं आणि कुणीतरी म्हणते, "काहून जी? बसला म्हंजे बरोबरच ना!"

आजचा हा लेख या 'बसला' शब्दाबद्दलच आहे. बसणं वेगळं आणि जुळणं वेगळं. लग्नाच्या बाबतीत हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं, पण इंधनाच्या पाइपाच्या बाबतीत आपण ते साफ विसरतो. घरातला गॅस असो की अंगणात उभ्या असलेल्या स्कूटीतलं पेट्रोल, टाकी फुटून गळती होणं फार क्वचित घडतं. इंधन बाहेर पडतं ते सांध्यातून. पाइप जिथे नळीवर चढतो, रेग्युलेटर जिथे सिलिंडरवर बसतो, क्लिप जिथे आवळली जाते, तिथे. आणि हे सांधे दिसायला इतके किरकोळ असतात की घरातलं कुणीच त्यांच्याकडे बघत नाही.

शर्यतीच्या गाडीचा धडा

माझ्या बहिणीचा मुलगा नागपूरला एका गॅरेजमध्ये काम शिकतो. मोटारींचं इंजिन वाढवून त्या जास्त वेगाने पळवायच्या, हे त्याचं वेड. मागच्या दिवाळीत तो आला तेव्हा त्याच्या खिशात निळ्या-लाल रंगाचे धातूचे छोटे जोड होते. मला आधी वाटलं, पोरीबाळींसाठी काही दागिने आणले की काय! तो म्हणाला, "मावशी, हे पेट्रोलच्या पाइपाचे जोड आहेत. यातला एक चुकला तर अख्खी गाडी पेटते."

मग त्याने मला समजावून सांगितलं. या जोडांना एक नंबर असतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या सैन्याने आणि नौदलाने विमानांसाठी एकसारखी मापं ठरवली, तीच पुढे शर्यतीच्या मोटारींमध्ये आली. नंबर म्हणजे एका इंचाचे किती सोळांश भाग. सहा नंबर म्हणजे सहा सोळांश, म्हणजे पाऊण इंचाचा अर्धा, साधारण साडेनऊ मिलिमीटर. आठ नंबर म्हणजे अर्धा इंच. ज्या धातूच्या नळीला हा जोड लागतो, तिचं बाहेरचं माप या नंबरात असतं.

खरी गंमत पुढे आहे. या जोडाचं तोंड आतून उतरतं असतं आणि तो उतार ३७ अंशांचा असतो. बाजारात तसाच दिसणारा दुसरा जोड मिळतो, त्याचा उतार ४५ अंशांचा. काही मापांमध्ये दोघांचे आटे अगदी सारखे! म्हणजे एकाची चकती दुसऱ्यावर छान फिरते, घट्ट आवळली जाते, हाताला पक्की लागते. पण आत दोन्ही उतार एकमेकांना पूर्ण टेकत नाहीत. बारीकशी फट राहते. इंजिन तापलं, थरथरलं, की तिथून पेट्रोल झिरपतं.

"मग टेप गुंडाळायची ना," मी म्हटलं. नळाला आपण पांढरी टेप गुंडाळतो, तशी. तो हसला. "नाही मावशी. हा जोड धातूला धातू टेकून बंद होतो, आट्यांवर बंद होत नाही. टेप लावली तर गळती थांबत नाहीच, उलट तिचा तुकडा आत जाऊन इंजिनाचं तोंड बंद करतो."

तो ही सगळी मापं सांगत होता आणि माझ्या डोळ्यासमोर आपली स्वयंपाकघरं येत होती. शर्यतीच्या गाडीवाला माणूस एक जोड घेताना चार गोष्टी विचारतो: माप कोणतं, दाब किती, आतून काय वाहणार, आणि हा जोड कशावर बसणार. दिवसातून दोनदा पेटत्या ज्योतीजवळ उभी राहणारी आपली बाई यातलं एकही विचारत नाही. तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

सिलिंडरपासून शेगडीपर्यंत

घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. आत तो दाबाखाली द्रवरूपात असतो, म्हणूनच सिलिंडर हलवला की डुचमळतो. तो वायू होऊन बाहेर येतो तेव्हा त्याचा जोर मोठा असतो. रेग्युलेटरचं काम हा जोर मोडण्याचं. घरगुती रेग्युलेटरमधून गॅस बाहेर पडतो तो जेमतेम ३० मिलिबार दाबाने, म्हणजे साध्या हवेच्या दाबाच्या सुमारे तेहतिसाव्या हिश्शाने. आपली शेगडी आणि आपला पाइप एवढ्याच दाबासाठी बनवलेले असतात.

आता लग्नकार्यात आचाऱ्याच्या भट्टीला लागतो तो जास्त दाबाचा रेग्युलेटर आठवा. तो बाजारात सहज मिळतो आणि घरच्या सिलिंडरवर टक्कन बसतोसुद्धा. "ज्योत मोठी येते, सैपाक लवकर होते," म्हणून कुणी तो घरी आणून लावतो. बसतो, पण जुळत नाही. घरच्या शेगडीला आणि पाइपाला तो जोर झेपत नाही. रेग्युलेटर नेहमी आपल्या गॅस एजन्सीकडूनच घ्यावा. तो आपल्या नावावर नोंदलेला असतो आणि बिघडला तर तिथेच बदलून मिळतो.

सिलिंडरच्या तोंडात आत एक छोटी रबरी चकती असते. ती तुटलेली किंवा गायब असली तर रेग्युलेटर कितीही नीट बसवा, गॅस फसफसणारच. म्हणून भरलेला सिलिंडर घरात घेतानाच टोपण काढून तोंडावर पाण्याचे दोन थेंब टाकायला लावा. बुडबुडे आले तर तो सिलिंडर परत. वजनही करून मागा, तो आपला हक्क आहे. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच लिहिलेलं असतं, त्यात १४.२ मिळवायचे.

वरच्या पट्टीवर आतून इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, तेही वाचा. ए म्हणजे मार्चअखेर, बी म्हणजे जूनअखेर, सी म्हणजे सप्टेंबरअखेर आणि डी म्हणजे डिसेंबरअखेर. सिलिंडरची पुढची तपासणी केव्हा आहे, ते यावरून कळतं. ती तारीख उलटून गेलेला सिलिंडर घरात घेऊ नये.

आणि आता पाइप. पूर्वी हिरवा साधा रबरी पाइप असे. आता घ्यायचा तो नारंगी, ज्याला एजन्सीवाले 'सुरक्षा' पाइप म्हणतात. त्याच्या आत पोलादी तारेची जाळी असते, त्यामुळे उंदराने वरचं रबर कुरतडलं तरी तो सहजासहजी आरपार जात नाही. आपल्याकडच्या कौलारू आणि कुडाच्या घरांमध्ये उंदरांचा सुळसुळाट किती असतो, ते मी सांगायला नको. पाइपावर आयएसआयचा शिक्का आणि आयएस ९५७३ हा आकडा छापलेला हवा. तयार झाल्याचं वर्षही छापलेलं असतं. ते वाचता आलं नाही तर घरातल्या शाळकरी पोरीला वाचायला सांगा, पण वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

नुसता रंग बघून फसू नका. नारंगी रंगाचे, शिक्का नसलेले पाइप आठवडी बाजारात भांड्यांच्या दुकानात लटकलेले मी पाहिले आहेत. लांबी दीड मीटरपेक्षा जास्त नको. "थोडा लांब द्या, शेगडी तिकडं सरकवायची हाय," असं सांगून दोन पाइप जोडून घेणं तर मुळीच नको. प्रत्येक नवा जोड म्हणजे गळतीची एक नवी जागा. पाइप भिंतीच्या भोकातून नेऊ नका, शेगडीच्या खालून नेऊ नका, त्यावर कापडाचं वेष्टण शिवू नका. तडे झाकले गेले की दिसत नाहीत.

पाइप नळीवर पूर्ण आत सरकला पाहिजे. तो जात नसेल तर माप चुकलं आहे, असं समजावं. काडी पेटवून पाइपाचं टोक तापवायचं आणि सैल करून चढवायचं, हा प्रकार मी अनेक ठिकाणी ऐकला आहे. तापलेलं रबर थंड झाल्यावर कडक होतं आणि तिथेच चिरतं. उलट पाइप सैल होत असेल तर सायकलच्या ट्यूबची पट्टी किंवा दोरा गुंडाळून चालत नाही. दोन्ही वेळी उपाय एकच, योग्य मापाचा पाइप.

'टी' आणि दुसरे जुगाड

थंडीच्या दिवसांत गॅसचा गीझर घेण्याची टूम आता तालुक्याच्या गावांतही आली आहे. मग एकाच सिलिंडरला पितळेचा 'टी' लावून एक फाटा शेगडीला आणि एक न्हाणीघरात. नळ दुरुस्त करणारा माणूसच हे काम करून जातो. पाण्याचा जोड गळला तर फरशी ओली होते. गॅसचा जोड गळला तर काय होतं, ते सांगायची वेळ कुणावर येऊ नये. दुसरा जोड हवा असेल तर एजन्सीकडे रीतसर मागावा. त्यांचा माणूस येऊन बघेल आणि नाही म्हणेल तर त्यामागे कारण असेल.

त्याहून भयंकर प्रकार म्हणजे घरच्या सिलिंडरमधला गॅस दुसऱ्या छोट्या सिलिंडरमध्ये किंवा व्हॅनच्या टाकीत भरणं. बाजारातून एक जोड, एक पाइप आणि एक पंप आणला की झालं! वाहनांसाठीचा गॅस आणि त्याची टाकी वेगळी असते. घरगुती सिलिंडर वाहनासाठी वापरायला २००० सालच्या सरकारी आदेशाने बंदी आहे. हे सगळं बहुतेक बंद खोलीत किंवा दुकानाच्या मागच्या बाजूला चालतं आणि तिथल्या एका ठिणगीला आख्खी आळी पुरते. शेजारी असं काही चालत असेल तर "आपल्याले काय करायचं" म्हणून दार लावून घेऊ नका, बायांनो. जळणारं घर आपलंही असतं.

आपल्या जिल्ह्यांची गोष्ट वेगळी

आता आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीचं बोलू. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातल्या बलिया इथे उज्ज्वला योजना सुरू झाली आणि गॅसची जोडणी घरातल्या बाईच्या नावावर मिळू लागली. ताडोबाच्या आसपासच्या गावांमध्ये वनखात्यानेही सवलतीत जोडण्या दिल्या. ज्या घरांमध्ये पिढ्यान् पिढ्या सरपणाची मोळी डोक्यावरून येत होती, तिथे शेगडी आली. सरपणासाठी जंगलात जाणं म्हणजे काय असतं, हे आपल्याकडच्या बाईला विचारावं. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. सरपणाची वाटही त्याच जंगलातून जाते. म्हणून गॅस आपल्या बाईसाठी नुसती सोय नाही, तो जिवाचा प्रश्न आहे. आणि म्हणूनच तो नीट राहायला हवा. एकदा पाइप गळला, घरात भडका उडाला, की त्या गावातल्या दहा बाया पुन्हा चुलीकडे वळतात. भीती ही अशी चीज आहे.

आता जरा हिशेब करा. सुरक्षा पाइपाचं आयुष्य पाच वर्षं. उज्ज्वलाच्या पहिल्या वर्षी, २०१६-१७ मध्ये शेगडीसोबत जो पाइप घरी आला, त्याची पाच वर्षं २०२१-२२ मध्येच संपली. योजनेचा दुसरा टप्पा ऑगस्ट २०२१ मध्ये सुरू झाला. त्यातल्या पहिल्या पाइपांचीही पाच वर्षं ऑगस्ट २०२६ मध्ये भरतात. मी गावांमध्ये जाते तेव्हा पुष्कळ घरांत तो पहिलाच पाइप दिसतो. "चांगला हाय ना जी, कुठं फाटला?" असं म्हणतात. वरून फाटलेला नसतो, हे खरं. पण मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५-४६ अंशांवर जातो, पत्र्याखालचं स्वयंपाकघर भट्टी होतं. रबर आतून कडक होतं आणि नेमकं नळीवर चढलेल्या टोकाशी चिरतं. पाइप हातात घेऊन हलकेच वाकवा. बारीक भेगा दिसल्या तर वर्ष मोजायचीही गरज नाही, बदला.

दुसरी गोष्ट चुलीची. आपल्याकडे गॅस आला तरी चूल गेली नाही. आंघोळीचं पाणी, मोठ्या गंजातला भात, मोहफुलं उकडणं, हे सगळं चुलीवरच होतं आणि ती चूल बहुतेक त्याच खोलीत असते. गॅस हवेपेक्षा जड असतो. तो वर उडून जात नाही, पाण्यासारखा जमिनीलगत पसरतो. कोपऱ्यातल्या सिलिंडरचा जोड गळत असेल तर तो गॅस सरपटत थेट चुलीच्या निखाऱ्यांकडे जातो. चूल आणि सिलिंडर एका खोलीत नसावेतच. जागा नसेल तर चूल पडवीत किंवा अंगणात न्या.

तिसरी गोष्ट, शेगडी जमिनीवर ठेवून बसून स्वयंपाक करण्याची सवय. सिलिंडर जमिनीवर उभा आणि शेगडी त्याच्याहून उंचावर, हा नियम आहे. शेगडी खाली असली की जमिनीलगत साचणाऱ्या गॅसच्या ती मधोमध येते. शिवाय पाइपही ज्योतीच्या उंचीला लोंबकळतो. दगड-मातीचा ओटा बांधायला फार खर्च येत नाही. गावात घरकुलाचं काम चालू असेल तर त्या वेळीच गवंड्याला सांगून ओटा करून घ्यावा. आणि ओट्याजवळ, खालच्या बाजूला, हवा बाहेर जाईल अशी जाळी ठेवून घ्यावी.

चौथी गोष्ट अंतराची. शहरात गॅस गळला तर तासाभरात माणूस येतो. भामरागडला पर्लकोटेला पूर आला की रस्ताच बंद होतो. एटापल्ली, सिरोंचा, कोरची तालुक्यांतल्या आतल्या गावात सिलिंडरची गाडी ठरावीक दिवशी येते, सिलिंडर रस्त्यावर उतरवून निघून जाते. तिथे घरात येऊन जोड तपासणारं कुणी नसतं. मग तपासायचं कुणी? जी रोज तो पेटवते, तिनेच.

अंगणातली गाडी

इंधनाचा दुसरा पाइप आपल्या दारात उभा असतो, मोटारसायकलच्या पोटात. पुष्कळ घरांमध्ये चोरीच्या भीतीने गाडी रात्री घरात घेतात. शेजारीच देव्हारा, तिथे दिवा. आत स्वयंपाकघर. सकाळी पेट्रोलचा वास आला तर "टाकी फुल केली ना काल" म्हणून सोडून देतात.

जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटारसायकलमध्ये टाकी वर आणि इंजिन खाली, त्यामुळे पेट्रोल आपोआप उतरतं. पाइपात जोर नसतो. पण १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ गाड्याच विकायचा नियम आला आणि त्यातल्या बहुतेक गाड्यांमध्ये पंपाने पेट्रोल ढकललं जातं. तिथे दाब अडीच-तीन बारपर्यंत असतो, म्हणजे आपल्या गॅसच्या पाइपातल्या दाबाच्या जवळजवळ शंभर पट! अशा गाडीला रस्त्याकडेच्या दुकानातला साधा मीटरवर मिळणारा पाइप आणि तारेची क्लिप लावली तर ती चढते, गाडीही सुरू होते. पण ती जुळलेली नसते. जुन्या गाडीचा पाइप नव्या गाडीला चालत नाही, हे गावातल्या मिस्त्रीला स्पष्ट विचारावं. गाडीचं नाव आणि वर्ष सांगून त्याच मापाचा पाइप मागावा.

पाण्याची पारदर्शक प्लास्टिकची नळी पेट्रोलला कधीच लावू देऊ नका. ती काही महिन्यांत पिवळी पडून काचेसारखी कडक होते. क्लिपही फार आवळून घेऊ नये, ती रबर कापते.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळलेलं असतं. काही जुन्या गाड्यांमध्ये २०-३० हजार किलोमीटरनंतर रबरी भाग बदलावे लागू शकतात, असं ऑगस्ट २०२५ मध्ये सरकारनेही सांगितलं आहे. काम स्वस्तातलं आहे, नेहमीच्या सर्व्हिसिंगमध्ये होतं. तेव्हा यजमान किंवा मुलगा गाडी सर्व्हिसिंगला नेईल त्या वेळी "ऑइल बदला" यासोबत "पेट्रोलचा पाइप बघा" एवढं एक वाक्य त्यांच्या कानावर घाला.

वास आला तर

गॅसला स्वतःचा वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचं द्रव्य मुद्दाम मिसळतात. म्हणजे तो वास हा आपल्यासाठी पाठवलेला निरोप आहे. तो आला की पहिलं काम, चूल, दिवा, उदबत्ती, सगळं विझवा. विजेचं बटण चालू किंवा बंद, काहीही करू नका, कारण दोन्ही वेळी ठिणगी पडते. रेग्युलेटर बंद करा, काढा, आणि सिलिंडरवर दोरीचं पांढरं टोपण लावा. (ते टोपण पोरांना खेळायला देऊ नका, सिलिंडरला बांधलेलंच राहू द्या.) दारं-खिडक्या उघडा, लेकरं आणि म्हातारी माणसं बाहेर काढा. जमलं तर सिलिंडर मोकळ्या जागेत न्या. मग अंगणात जाऊन, घरात नव्हे, १९०६ या क्रमांकावर फोन करा. गॅस गळतीसाठीचा हा क्रमांक १ जानेवारी २०१६ पासून दिवसरात्र चालू आहे.

जोड गळतो का हे बघायला काडी पेटवून धरणारे महाभाग अजून आहेत. तसं कधीही करू नका. साबणाचं पाणी करून जोडावर लावा. बुडबुडे आले की गळती. एवढी साधी परीक्षा आहे.

आणखी एक गोष्ट फार थोड्या बायांना माहीत असते. गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी ग्राहकांचा विमा काढलेला असतो, त्याचा वेगळा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. नोंदलेल्या पत्त्यावर अपघात होऊन मृत्यू झाला तर ६ लाख रुपयांपर्यंत मदतीची त्यात तरतूद आहे. उपचारासाठी आणि घराच्या नुकसानीसाठीही आहे. अपघातानंतर लगेच एजन्सीला लेखी कळवावं लागतं आणि पोलिसांत नोंद करावी लागते. चौकशीला येणारा माणूस मात्र आधी पाइप आणि रेग्युलेटर बघतो. तो शिक्क्याचा नसेल, जोड जुगाडाचा असेल, तर तिथेच अडचण सुरू होते. थोडे पैसे वाचवायला घेतलेला पाइप असा महागात पडतो.

दुकानात जाताना

जुन्या पाइपाचा तुकडा सोबत न्या, माप तोंडी सांगू नका.
शिक्का, आयएस क्रमांक आणि वर्ष, तिन्ही वाचून घ्या.
शक्यतो एजन्सीतूनच घ्या आणि पावती मागा.
कशासाठी आणि कोणत्या दाबासाठी हवा, ते सांगा: घरची शेगडी की भट्टी, जुनी गाडी की नवी.
बसवल्यावर साबणाचं पाणी लावून बघा, मगच काडी ओढा.
पाइप लावला ती तारीख भिंतीवरच्या कालनिर्णयवर लिहा आणि दरवर्षी नव्या कालनिर्णयवर उतरवा.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाल्यावर अर्धा तास यासाठी काढा. प्रत्येकीने आपल्या पाइपावरचं वर्ष वाचून यावं आणि ते वहीत लिहावं. पाच वर्षांहून जुने किती निघतात ते मोजा, सगळ्यांची नावं एकत्र करून एजन्सीत जा. एकटीने गेलं तर "उद्या या" ऐकावं लागतं, वीस जणी गेल्या तर खुर्ची मिळते. हे काम घरातल्या पुरुषांवर सोडून वाट बघत बसू नका. शेगडीसमोर आपण असतो, तेव्हा सांधा बघायचा अधिकारही आपलाच.